काट्याच्या खोलीतला खोटा माग

आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला त्या वर्षी उसापेक्षा पाण्याच्या टँकरचीच चर्चा जास्त होती. कळंबहून उस्मानाबादकडे जाताना रस्त्यापासून आत, उघड्या माळावर तो कारखाना. सहकारी, म्हणजे सगळ्यांचा, आणि सगळ्यांचा म्हणून प्रत्येकाला त्याच्या वजनकाट्याचा संशय. काट्यावर ऊस मारतात, ही ओरड मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती बंद व्हावी म्हणून संचालक मंडळानं जुना काटा काढून विजेवरचा नवा बसवला आणि त्याला कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं. गाडी काट्यावर उभी राहिली की आकडा तारेतून थेट मशीनमध्ये जाणार, मध्ये कुणाचा हात नाही, अशी कल्पना.

मी कळंबची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून मी अभ्यास केला, औरंगाबादला जाऊन इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि परत आले तेव्हा कारखान्याला असं कुणीतरी हवंच होतं. काट्याच्या शेजारी एक खोली बांधून तिला एसी बसवला होता. उन्हात रांगेत उभे असलेले गाडीवान खिडकीच्या काचेला हात लावून बघत आणि म्हणत, "आत लई गार हाय बगा."

त्या खोलीत आम्ही दोघं. दुसरे सर. ते भूमच्या शाळेत गणित शिकवायचे. पन्नाशीला आलेले, अंगानं बारीक, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आमचे चेअरमन त्यांचेच विद्यार्थी. शाळेच्या सुट्टीत सरांनी पुण्याला जाऊन प्रोग्रामिंगचा कोर्स केला होता, तो नुसत्या हौसेनं. चेअरमननी विचारल्यावर त्यांनी शाळेची कायमची नोकरी सोडली. घरच्यांना ते पसंत नव्हतं. मला एकदा म्हणाले, "त्याच त्याच इयत्तेला तेच तेच प्रमेय किती वर्षं शिकवायचं? इथं निदान गणित काहीतरी काम करतंय." चारचौघांत ते मला अहो-जाहो करायचे आणि खोलीत दोघंच असलो की अगं-तुगं.

काट्याचा प्रोग्राम आम्ही वाटून घेतला होता. सगळ्यांत अवघड भाग सरांकडे होता. ट्रक किंवा ट्रॅक्टर काट्यावर उभा राहतो तसा बैल राहत नाही. टायरगाडी काट्यावर आली की बैल पाय बदलतो, मान हलवतो, शेपटी मारतो आणि आकडा खालीवर होत राहतो. त्यातला खरा कोणता? हंगामाच्या आधी काट्याच्या चाचणीला टायरगाड्या येत, तेव्हा सर रोज काट्याजवळ उभे राहून बैलांकडं बघत असायचे. एका गाडीवानानं विचारलं, "गुरुजी, बैल घ्यायचाय का?"

"नाही. तो किती वेळ उभा राहतो ते बघतोय."

"बैल कशाला उभा ऱ्हातोय? माणूस ऱ्हात न्हाय."

सर हसले आणि आत येऊन त्यांनी जे लिहिलं ते फार सुंदर होतं. प्रोग्रामच्या त्या भागाचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘थांबा’. एकामागून एक येणारे आकडे तो घेत राही, फार वेगळा दिसणारा बाजूला ठेवी, आणि हेलकावे एका मर्यादेत आले की मगच वजन पक्कं करी. मी तो वाचला तेव्हा मला त्यात काढावं किंवा घालावं असं काही दिसलं नाही. एवढं नेटकं मी स्वतः पुढं कधी लिहिलं असेल असं वाटत नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे प्रोग्राम थेट मशीनवर चालत नसत. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं दिलेला एक मूळ प्रोग्राम त्यांना चालवायचा. त्याला आम्ही रनटाइम म्हणायचो. आमचं काम मध्येच कोसळलं, तर कुठल्या भागानं कुठल्या भागाला बोलावलं होतं आणि शेवटी कुठं असताना ते पडलं, ही सगळी उलटी वाट रनटाइम प्रिंटरवर छापायचा. त्या कागदाला सर ‘माग’ म्हणायचे. चूक शोधायला तोच आधार. मागात ज्या भागाचं नाव सगळ्यांत शेवटी, तिथं बघायचं.

हंगाम सुरू झाला. पहिले काही दिवस सगळं ठीक चाललं. मग एके सकाळी गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली असताना पडदा गोठला, प्रिंटर खरखरला आणि माग बाहेर आला. शेवटचं नाव होतं ‘थांबा’.

सरांनी तो कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाचला आणि म्हणाले, "कुठंतरी चुकलोय. बघतो." मशीन बंद करून चालू केलं, रांग पुढं सरकली. दुपारी परत तेच. दुसऱ्या दिवशी दोनदा. दर वेळी मागाच्या शेवटी तेच नाव. बाहेर उन्हात ऊस वाळत होता आणि वाळलेल्या उसाचं वजन कमी भरतं हे गाडीवानांना शिकवावं लागत नाही. काचेबाहेरून आवाज यायचा, "मशीन न्हाय पडत, पाडत्यात."

चौथ्या की पाचव्या खेपेला कारखान्याचे एमडी साहेब स्वतः खोलीत आले. त्यांना प्रोग्राममधलं काही कळत नव्हतं, पण वाचता येत होतं. त्यांनी सगळे कागद टेबलावर एकाखाली एक मांडले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे ‘थांबा’ कुणी लिहिलंय?"

"मी," सर म्हणाले.

"सगळ्या कागदांवर तेच दिसतंय."

"हो."

"मग दुरुस्त करा ना."

सरांनी ‘थांबा’ पुन्हा पहिल्यापासून लिहिला. तो पडला. आणखी सोपा करून लिहिला. तोही पडला. शेवटी त्यात एवढंच राहिलं होतं की आकडा घ्यायचा, मागच्याशी ताडून बघायचा, पुन्हा घ्यायचा. तरी मागात तेच नाव. मला ते पटत नव्हतं. एवढ्याशा ओळींत पडण्यासारखं काही नव्हतंच. मी साहेबांना म्हणाले, "एक दिवस ‘थांबा’ काढून टाकते, माझं काहीतरी साधं घालते. तरी पडलं तर कळेल की दोष दुसरीकडं आहे."

"हंगामात चालू प्रोग्रामला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "झालं एवढं बास."

पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर एकदा येऊन गेला. चांगला होता, हुशार होता. तो आला त्या दिवशी ऊस गाळपाला आत ओढून नेणारा केन कॅरियर बिघडून बंद होता, गाड्या खोळंबल्या होत्या, आणि त्याच्यासमोर मशीन एकदाही पडलं नाही. जुने माग बघून तो सरांना म्हणाला, "सर, वाईट वाटून घेऊ नका. आमचा रनटाइम जे बघतो तेच छापतो. मशीन खोटं कशाला सांगेल?"

त्यानंतर सरांमध्ये जो फरक पडत गेला, तो मी रोज समोर बसून बघितला. आधी ते नुसते गप्प झाले. मग साध्या बेरजा दोनदा करायला लागले. खोलीला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायचे आणि ओढून बघायचे. डबा खाताना मध्येच थांबून विचारायचे, "मी मघाशी तुला जे सांगितलं, ते बरोबर होतं ना?" ज्या माणसाला फळ्याकडं पाठ करून मोठमोठे गुणाकार तोंडी सांगताना चेअरमननी पाहिलं होतं, आणि ते कौतुकानं सगळ्यांना सांगत, तो माणूस आता माझ्याकडं हो म्हणवून घेण्यासाठी बघत होता. मी हो म्हणायचे. माझ्या हो म्हणण्याचा काही उपयोग नव्हता. माझ्याविरुद्ध छापील कागद होता.

एकदा मी त्यांना स्पष्टच म्हणाले, "सर, मला वाटतं मागच चुकीचा येतोय."

त्यांनी मान हलवली. "असं प्रत्येक नापास होणाऱ्या पोराला वाटतं, पेपर तपासणाराच चुकलाय म्हणून. मी एवढी वर्षं त्यांना तसं म्हणू दिलं नाही. आता मी कसं म्हणू?"

त्या वर्षी पाऊस नव्हताच. विहिरी तळाला गेल्या होत्या, उभा ऊस जागेवर वाळला आणि बराचसा चाऱ्याच्या छावण्यांना गेला. कारखान्याचं धुराडं नेहमीपेक्षा खूप आधी थंडावलं. त्याच आठवड्यात सरांनी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. पण घेऊ नका असंही कुणी म्हणालं नाही. चेअरमन टँकरच्या बैठकीसाठी उस्मानाबादला गेले होते, त्यांची भेट झाली नाही. फाटकाबाहेर भूमच्या गाडीची वाट बघत उभे असताना सर मला म्हणाले, "चूक आहे गं कुठंतरी. मला सापडत नाही एवढंच. तुला सापडली तर कळव."

गाडी आली, ते चढले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. पिशवी मांडीवर धरून समोर बघत बसले होते.

हंगाम संपल्यावर मला कुणी अडवणार नव्हतं. यार्ड रिकामं होतं, वीज येई तेव्हा काम करायचं. पहिल्याच दिवशी मी ‘थांबा’ पूर्ण काढला. त्याच्या जागी चार ओळींचा एक भाग घातला, त्याला ‘उभे’ असं नाव दिलं. त्यात गणित नव्हतंच. मग फिटरला सांगून केन कॅरियरची मोटर नुसती चालू-बंद करायला लावली, कारण ती सुरू होताना पडद्यावरचा आकडा थरथरतो हे मी हंगामात बघितलं होतं. काट्याची तार त्या मोटरच्या तारेला चिकटूनच आणलेली होती. मोटर सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. प्रिंटर खरखरला. मागाच्या शेवटी नाव होतं ‘उभे’.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. ‘थांबा’ त्या मशीनमध्ये आता कुठंच नव्हता. जिथं थांबून काट्याच्या आकड्याची वाट बघायची, त्या जागी जो भाग असेल त्याचं नाव माग घेत होता. फिटरनं दारातून विचारलं, "ताई, झालं का? का अजून चालू करू?" मी म्हणाले, "झालं."

मग मी पुण्याला लिहिलं आणि रनटाइमचा मूळ मजकूर मागितला. इंजिनिअरनं थोडे आढेवेढे घेतले, मग पाठवला. जाडजूड गठ्ठा. अर्धा उन्हाळा तो वाचण्यात गेला. डिप्लोमाला असताना मशीनची भाषा शिकलेली होते, म्हणून निभावलं.

घडत होतं ते असं. काट्याकडून आकडा आला की मशीन हातातलं काम अर्धवट ठेवून तो घ्यायला धावायचं. परत कुठं यायचं याच्या खुणा ते एका जागेत एकावर एक रचत जाई. प्रोग्रामची स्वतःची मोठी जागा होती, पण काट्याकडून हाक आली की तेवढ्यापुरती एक वेगळी, लहानशी जागा वापरली जाई. पुण्यात टेबलावर तपासताना हाका सावकाश, एकेक येत. ती जागा पुरायची. आमच्याकडं मोटरच्या धक्क्यानं तारेत खोट्या हाका उठत, एकीत एक, एकीत एक. लहान जागा भरून वाहायची आणि सगळं कोसळायचं. माग छापणाऱ्या भागाला ही दुसरी जागा माहीतच नव्हती. तो आपला मोठ्या जागेत जाऊन बघायचा, तिथं शेवटची खूण ‘थांबा’ची असायची, आणि तीच छापायचा. माणूस विहिरीत पडावा आणि चपला पारावर सापडल्या म्हणून तो पारावरच मेला असं लिहावं, तसं.

तारा वेगळ्या करणं आणि ती जागा वाढवणं सोपं होतं. माग दुरुस्त करायला वेळ लागला. आपण आत्ता कुठल्या जागेत उभे आहोत हे त्यानं आधी बघायचं. लहान जागेत असू तर तिथल्या खुणा आधी वाचायच्या, मग ‘इथं बाहेरून हाक आली’ अशी एक ओळ छापायची आणि तिथून मोठ्या जागेत उडी घ्यायची. आणि मध्येच एखादी खूण वेडीवाकडी, कुठल्याच जागेत न बसणारी निघाली, तर अंदाज करायचा नाही. ‘पुढचं माहीत नाही’ असं छापून थांबायचं. ही शेवटची ओळ घालताना मला रडू आलं. तेवढी ओळ आधीपासून असती, तर कुणी कुणाच्या नावावर बोट ठेवलं नसतं.

मोटर चालवून मी मशीन पुन्हा पुन्हा पाडलं. दर वेळी माग खरा आला. पुण्याच्या इंजिनिअरला पाठवलं. त्याचं उत्तर आलं की हा बदल आता सगळ्या ठिकाणी जाईल, तुमचे आभार. सरांबद्दल त्यात एक ओळ होती, मनापासून लिहिलेली. एमडी साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, सापडलं." मी म्हणाले, "सरांना कारखान्याकडून कळवायला हवं." ते म्हणाले, चेअरमनच्या कानावर घालतो. चेअरमन म्हणाले, भूमकडं जाणं होईल तेव्हा स्वतः भेटतो. त्यांचं भूमकडं जाणं त्या उन्हाळ्यात अनेकदा झालं. छावण्या बघायला.

मी वाट बघितली आणि मग एका बाजाराच्या दिवशी स्वतःच गेले. शाळेत सरांची जागा भरली गेली होती. ते मेव्हण्याच्या खताच्या दुकानात बसत होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. गिऱ्हाईक होतं, म्हणून मी थांबले. सरांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, तो पुसला, पुन्हा केला, मग पुन्हा. गिऱ्हाईक म्हणालं, "बरुबर हाय की गुरुजी." सर म्हणाले, "असू दे. एकदा बघतो."

गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. ‘उभे’चा कागदही पुढं ठेवला. ते ऐकत होते, आणि मध्येच पुढं झुकले. चष्मा कपाळावर गेला.

"लहान जागेतून मोठीत परत जायची खूण कुठं असते? तळाला?"

"तळालाच."

"मग ती आधी वाचली पाहिजे. वरून निघालीस तर भरून वाहिल्यावर वरच्या खुणा पुसलेल्या असणार, तळापर्यंत पोचणारच नाहीस."

"म्हणूनच तिची एक नक्कल बाजूला ठेवली."

"हां," ते म्हणाले. "हां. बरोबर."

तेवढा वेळ ते अगदी पूर्वीचे होते. मला वाटलं, आता होईल ठीक. मी म्हणाले, "सर, म्हणजे ‘थांबा’मध्ये काहीच चूक नव्हती. पहिल्याच दिवशी लिहिलेला बरोबर होता. तो परत घातलाय मी. तुम्ही परत या."

त्यांनी कागदाची घडी घातली. "बरोबर होता म्हणतेस."

"हो."

"तू म्हणतेस म्हणजे असेल." मग म्हणाले, "पण मी तो पाच वेळा परत लिहिला ना गं. बरोबर असलेला काढून टाकला. माझं मलाच कळलं नाही की तो बरोबर आहे. शिकवणाऱ्याला एवढं तर कळलं पाहिजे." ते दुकानाबाहेर बघत होते. "आता मी सातचा पाढा म्हणतो आणि वाटतं, बघून घ्यावा. तुझ्या कागदानं तो माग सुधारला. हे कसं सुधारायचं?"

 

सरांच्या पत्नी, काकू, आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही आलात ते फार बरं केलंत. ह्यांचे विद्यार्थी आहेत एवढे, कुणी आलं नाही." आणि कप ठेवताना हळूच म्हणाल्या, "राजीनाम्याच्या आधी कळतं तर."

पुढच्या वर्षीही पावसानं ओढ दिली आणि कारखान्याचा हंगाम झाला नाही. काट्याच्या खोलीतला एसी काढून गेस्ट हाऊसला नेला, मशीनवर गोणपाट टाकलं. त्यामुळे सुधारलेला रनटाइम आणि सरांचा ‘थांबा’ खऱ्या बैलगाडीखाली एकत्र कधी चाललेच नाहीत. नंतर मी पुण्याला त्याच कंपनीत नोकरीला लागले. तिथं माझं काम हेच होतं: कुठं वीज धड नाही, कुठं तारा समुद्राच्या हवेनं गंजल्यात, कुठं मशीन हलत्या गाडीत बसवलंय, अशा जागी रनटाइमचे माग का चुकतात ते शोधायचं. बरेच सापडले. दर ठिकाणी मी पहिल्यांदा विचारायचे, मागात कुणाचं नाव येतंय आणि तो माणूस अजून इथं आहे का. लोकांना वाटे हा प्रश्न कामाचा नाही.

सर गेल्याचं मला उशिरा कळलं, गावाकडून आलेल्या कुणाच्यातरी बोलण्यात. अंत्ययात्रेला चेअरमन आले होते आणि सरांच्या तोंडी गुणाकारांबद्दल ते पुष्कळ बोलले, असं त्यानं सांगितलं. काट्याबद्दल कुणी काही बोललं का, असं मी विचारलं. त्याला मी कशाबद्दल विचारतेय तेच कळलं नाही.